ऑब्जेक्ट-ओरिएंटेड लिहिल्याने कोड खरंच भरवशाचा होतो का?

बिलवाला:
जाव्हातला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं क्लास नावाच्या साच्यांत एकत्र बांधलेला, बिलिंगचा कोड आहे. मूळ क्लास 'दस्तऐवज', त्याचा वारस (त्याचं सगळं आपोआप मिळणारा क्लास) 'बिल', त्याचा 'करबिल', त्याचा 'निर्यातबिल'. राउंडिंगचा नियम मूळ क्लासमध्ये बदलला की निर्यातबिलाची बेरीज चुकते. एक ओळ समजून घ्यायला चार फाइली उघडाव्या लागतात. या पद्धतीने कोड सोपा आणि भरवशाचा होतो म्हणतात, तो नक्की कशामुळे?

निळी_शाई:
तुम्हाला छळतंय ते इनहेरिटन्स, म्हणजे क्लासचा हा वारसा. जाव्हाच्या लायब्ररीतही हा घोळ आहे. तिथला स्टॅक (वस्तूंची चळत) हा व्हेक्टरचा (साध्या यादीचा) वारस, म्हणून व्हेक्टरच्या सगळ्या मेथड, म्हणजे त्याला करता येणारी कामं, त्याला मिळाल्या. स्टॅकमध्ये वरूनच ठेवायचं आणि वरूनच काढायचं. पण इथे इंडेक्स ० देऊन थेट तळाशी वस्तू घुसवता येते आणि कंपायलर हूं की चूं करत नाही. आता जाव्हाचं डॉक्युमेंटेशनच त्याऐवजी ॲरेडेकसारखा पर्याय वापरा म्हणतं.

तुमच्या अडचणीच्या जवळचं उदाहरण हॅशसेटचं, म्हणजे एक वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संचाचं. त्याचा वारस लिहा, ॲड (एक वस्तू टाकणं) आणि ॲडऑल (अनेक टाकणं) दोन्ही ओव्हरराइड करून, म्हणजे वारसात नव्याने लिहून, प्रत्येकात टाकलेल्या वस्तूंइतकी मोजणी वाढवा, मग सुपरला, म्हणजे मूळ मेथडला, बोलवा. ॲडऑलने ३ वस्तू टाकल्या की मोजणी ६ दाखवते, कारण ॲडऑल आतून प्रत्येक वस्तूसाठी ॲडलाच बोलावतं. मूळ क्लास आतून कोणाला बोलावतो यावर वारसाचं उत्तर ठरतं, आणि ते मेथडच्या नावावरून कधीच कळत नाही.

पै_पै:
फायदा एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे माहिती क्लासच्या आत झाकून ठेवण्याचा आहे, आणि बिलिंगमध्ये तो भरपूर मिळतो. डबलमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ०.१ + ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतं. रक्कम डबल म्हणून सगळीकडे फिरत असेल तर राउंडिंगही सगळीकडे विखुरतं. 'रक्कम' क्लास करा: आत पैसे लाँगमध्ये (पूर्णांकात), फील्ड (माहितीचा कप्पा) प्रायव्हेट आणि फायनल, म्हणजे बाहेरून न दिसणारी आणि पुन्हा न भरता येणारी, राउंडिंग एकाच मेथडमध्ये. बेरीज चुकली तर शोधायची जागा एकच.

बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा क्लास) वापरणार असाल तर किंमत स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून द्या, डबल म्हणून नको. तुलना कम्पेअरटूने करा. ईक्वल्सच्या लेखी २.० आणि २.०० वेगळे आहेत, कारण ते स्केलही, म्हणजे दशांशानंतरचे अंक किती तेही, बघतं.

तपासनीस:
नुसतं प्रायव्हेट लिहून भागत नाही, हे फार जण विसरतात. फील्ड जुन्या डेट क्लासची असेल आणि गेटर (फील्ड वाचून देणारी मेथड) तीच परत देत असेल, तर बाहेरचा कोणीही सेटटाइम करून बिलाची तारीख बदलू शकतो. लोकलडेट वापरा, तो बदलताच येत नाही. यादी असेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच, लिस्टच्या कॉपीऑफने प्रत घ्या. जाव्हा १६ पासूनचा रेकॉर्डही (नुसती माहिती ठेवणारा छोटा क्लास) आतली यादी गोठवत नाही.

बदलणारा ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये ठेवणं तर अतिशय वाईट. हॅशकोड, म्हणजे वस्तू कुठे ठेवायची ते ठरवणारा आकडा, ज्या फील्डवरून निघतो ती नंतर बदलली की कंटेन्स (वस्तू आत आहे का हे विचारणं) बहुधा फॉल्स देतं, आणि लूप फिरवला तर वस्तू आतच दिसते.

बिलवाला:
मग चारही थर एकदम मोडू का?

निळी_शाई:
नको, खालून सुरुवात करा. आधी जुन्या बिलांच्या बेरजा पैशापर्यंत टेस्टमध्ये नोंदवा. मग निर्यातबिलाचं एक्स्टेंड्स (वारसा जोडणारा शब्द) काढा, करमोजणीचा एक इंटरफेस, म्हणजे कुठली कामं हवीत एवढंच सांगणारा करार, करा आणि तो फील्ड म्हणून आत ठेवा. टेस्ट पास झाल्या की वरचा थर घ्या. दरम्यान मूळ क्लासमधली राउंडिंगची मेथड फायनल, म्हणजे वारसाला बदलता न येणारी, करून बघा: ती कुठेकुठे ओव्हरराइड झाली आहे ते कंपायलर एरर देऊन दाखवेल. तुमची चुकणारी बेरीज आधी तिथेच शोधा.