चाकूबाजी थांबवायची तर आधी काय विचारायचं, ‘कोणी मारलं’ की ‘कुठं मारलं’?

टाकेवाला
परवा संभाजीनगरात पुन्हा एक धिंड निघाली. हात बांधलेली तीन पोरं, मागं पोलिसांची गाडी, दोन्ही बाजूंनी मोबाईल. ग्रुपवर सगळ्यांचं एकच, ‘साहेब, मस्त काम’. मला त्यातला एक चेहरा ओळखीचा निघाला, म्हणून हा धागा.

मी इथंच एका सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला होतो. आठ महिन्यांमागं याच पोराच्या तळहाताला नऊ टाके घातले. तळहात आडवा कापतो कधी? समोरच्याचं पातं हातानं धरलं तर. पोरगं म्हणालं, ‘गाडीवरून पडलो, सर.’ एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केस होऊ शकणाऱ्या जखमांच्या रजिस्टरात तेच गेलं. पडद्यामागं त्याचा दोस्त फोनवर बोलत होता, ‘आज त्याला सोडतच नसतो.’ मी ते ऐकत टाके घातले, टीटीचं इंजेक्शन लिहून दिलं आणि पुढचा पेशंट घेतला. त्या रात्री तो मार खाऊन आला होता. आता मारणारा म्हणून रस्त्यावर फिरवला जातोय.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या सर्जनला हेच दिसलं. मारामारीत तोंड फुटून येणाऱ्यांपैकी बरेच जण पोलिसांच्या कागदावर नव्हतेच. १९९० च्या दशकात त्यांनी दवाखान्याच्या खिडकीवरच तीन गोष्टी विचारायला लावल्या: कुठं, कधी, कशानं. नाव नको. ती माहिती पोलीस आणि पालिकेकडं जाऊ लागली. ठरावीक बार आणि ठरावीक रस्तेच पुन्हा पुन्हा येत होते, गस्त तिकडं वळली. बारमध्ये फुटून हत्यार होणार नाहीत असे ग्लास आणले. २०११ साली तशाच इतर शहरांशी तुलना करणारा अभ्यास आला, त्यात मारहाणीनं भरती होणारे ४२ टक्क्यांनी कमी निघाले.

‘अख्खं शहर बिघडलंय’ हे मला पटत नाही. थोडे कोपरे, थोडे तास आणि थोडी पोरं असतात. ते शोधा. धिंडीनं काय होतं?

माजी हवालदार
डॉक्टरसाहेब, ३३ वर्षं खाकी घातली, म्हणून बोलतो. धिंडीनं काय होतं? ज्याची निघते त्याला गल्लीत परत कुणी ‘भाई’ म्हणत नाही. तलवारीनं केक कापायचा, रील टाकायची, ही पोरं फुकटच्या इज्जतीवर जगायलीत. ती काढली की निम्मं काम झालं. आणि तुमचा तक्ता हातात आला तरी गस्तीला पाठवू कुणाला? गणपती बंदोबस्त, मोर्चा, मंत्र्याचा दौरा, मधीच इलेक्शन. बीटवरचा माणूस बीटवर सापडतो का कधी?

कोर्टाची पायरी
दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिला नाही. धिंड कोणत्याच कायद्यात बसत नाही, तिचा फायदा झालाच तर आरोपीच्या वकिलाला होतो. (मला झालाय. लाज वाटते, पण झालाय.)

आता कायद्यातले उपाय बघा. १९८१ चा एमपीडीए, म्हणजे गुंडाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करायचा कायदा: वर्षभर आत ठेवता येतं, पण आयुक्तांच्या आदेशाला १२ दिवसांत सरकारची मंजुरी लागते, कागद त्याला कळेल अशा भाषेत द्यावे लागतात. एक गोष्ट चुकली की खंडपीठात आदेश उडाला, पोरगं हार घालून घरी. तडीपारी? दोन जिल्ह्यांतून केली नाही तर हद्दीबाहेर म्हणजे जालना. तास-सव्वा तासाची वाट. दुपारी तिकडं मुक्काम, रात्री इकडं जेवण.

माजी हवालदार
आणि जामीन कोण मिळवून देतं तेपण लिहा की वकीलसाहेब.

सिडकोची मावशी
तुमचं भांडण चालू द्या. माझी मेस आहे, वाळूजच्या कंपन्यांतली पोरं जेवायला असतात. पगार झाला की त्या आठवड्यात कुणीतरी मोबाईल नाहीतर पैसे घालवून येतंच, एकाच्या मांडीत चाकू गेला होता. जागा दरवेळी तीच, नाल्यावरचा पूल. पलीकडच्या टपरीवर ‘बटन’, म्हणजे नशेच्या गोळ्या मिळतात हे शाळेतल्या लेकरांनापण ठाऊक आहे.

एक गंमत सांगते. आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही रात्री एकच्या पुढं. त्या रात्री सगळ्या बायका हंडे, ड्रम, पाईप घेऊन बाहेर, दारादारात दिवे. त्या रात्री पुलावर कधीच काही होत नाही. आमच्यातली एकपण पोलिसात नाही.

टाकेवाला
मावशी, मी दोन परिच्छेद खर्चून जे सांगत होतो ते तुम्ही नळावर सांगितलंत.

बीडचा पाहुणा
तुम्ही लोकं पोरांवरच बोलायलात. आमच्याकडं या. पोरगं कुणाचं तेवढं विचारा, कुठं-कधी आपोआप कळतं. गोदावरीची वाळू, परळीच्या थर्मल वीज केंद्राची राख, जिथं हायवा ट्रक चालतात तिथं पोरं पाळावी लागतात. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीच्या आड आले म्हणून, असं आरोपपत्रात आहे. तो काय अंधाऱ्या पुलावरचा गुन्हा होता? पुलावर दिवा लावून तो थांबला असता?

बंदुकांचे परवाने खिरापतीसारखे वाटले होते, ते रद्द करायची पाळी आली. २०२५ मध्ये नव्या एसपींनी पोलिसांच्या छातीवरची आडनावं काढून नुसती नावं ठेवली. लोकं हसली. मी नाही हसलो. ठाण्यात पाय टाकल्यावर आधी आडनाव वाचायची सवय कुणाला लागली होती, ते मला माहीत आहे.

टाकेवाला
हे मी धाग्यात घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. खंडणीचा खून माझ्या तीन प्रश्नांनी थांबत नाही. तिथं पैशाची वाटच तोडावी लागते, आणि ते काम डॉक्टरचं नाही. पण माझ्या टेबलावर आली ती बहुतेक पोरं कुणीच पाळलेली नव्हती. उधारी, पोरगी, रीलखालची कमेंट, ‘माझ्याकडं काय बघतो’. आणि पाळणाऱ्यालाही पोरं याच ढिगातून मिळतात ना?

हवालदारसाहेब, माणसं नाहीत हे मान्य. म्हणून तर विचारतोय. चार माणसं असतील तर शहरभर फिरवायची की पगाराच्या आठवड्यात मावशींच्या पुलावर उभी करायची?

माजी हवालदार
पुलावर. ते मलापण कळतं. पण रात्री दोनला, दारात पन्नास पेशंट असताना तुमची माणसं हे लिहिणार का? एमएलसीचंच अक्षर आम्हाला लागत नव्हतं.

टाकेवाला
लिहायचं नाहीच. रबरी शिक्का. केसपेपरवर मारायचा, तीन रकाने, टाके घालता घालता विचारून भरायचे.

माजी हवालदार
शिक्का करून घ्या, दोनशे रुपयांच्या आत होतो. फक्त ‘मारणाऱ्याचं नाव’ असा चौथा रकाना कुणी घाला म्हणालं तर घालू नका. मीच आलो मागायला तरी. तो दिसला की आमचा माणूस त्याच रात्री पोराच्या घरी जाणार, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडं परत सगळे गाडीवरून पडायला लागणार.