फुशियाची फळं

फुशिया या शोभेच्या फुलझाडाला फुलं गळल्यावर येणारी जांभळी फळं विषारी असतात का, असा प्रश्न आलाय. नाहीत, पण चव जातीजातीनुसार बदलते; काही नुसतीच पाणचट. खरी खाण्यालायक फळं न्यूझीलंडच्या कोटुकुटुकुची. हा फुशिया चक्क वृक्ष होतो, दहा-बारा मीटरपर्यंत! फळाला तिथले मूळ रहिवासी माओरी लोक 'कोनिनी' म्हणतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचा जॅमही केला. फुलातले निळे पराग माओरी तरुण चेहऱ्याला लावत, हे मला फळापेक्षा भारी वाटतं.

औषधाचं म्हणाल तर चिलीतले मापुचे लोक 'चिल्को'च्या (हाही एक फुशियाच) पानांचा काढा तापावर आणि लघवी साफ होण्यासाठी घेतात. तो पारंपरिक वापर आहे, घरी प्रयोग नकोत. आणि नर्सरीतून आणलेल्या फवारलेल्या झाडाची फळं लगेच तोंडात टाकू नका.