मदत हवी आहे : क्लाउडिया शेनबॉम, चूल आणि घरखर्च

नमस्कार. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शेनबॉम यांच्यावर मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान तयार करीत आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे. भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी त्यांनी ग्रामीण घरांतील लाकडाच्या चुलीचा अभ्यास केला, पुढे ऊर्जा अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली, हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या अहवालांत लेखन केले आणि २०२४ ची निवडणूक जिंकली. (मला तो चुलीचा अभ्यासच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इंधनाचा आणि घरखर्चाचा प्रश्न तिथे एकच होतो.) परंतु ज्या प्रचारात त्यांनी अक्षय ऊर्जेचे आश्वासन दिले, त्याच प्रचारात इंधनाचे आणि विजेचे दर महागाईपेक्षा अधिक वाढू न देण्याचेही दिले, आणि २०२५ मध्ये पंपचालकांशी साधे पेट्रोल लिटरला २४ पेसोंच्या आत ठेवण्याचा ऐच्छिक करार केला. स्वस्त पेट्रोलमुळे गरिबाचा प्रवास सुसह्य होतो, हे मी नाकारत नाही. पण मग खनिज तेलावरचे अवलंबित्व कमी कसे होणार, हे विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे कसे समजावून सांगावे? ऊर्जा-अर्थशास्त्राच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. तसेच आपल्याकडे निर्धूर चुलींच्या कामात प्रत्यक्ष सहभागी असलेल्यांनी, सरपणाची बचत घरातील स्त्रियांना कशी जाणवत असे, ते सांगितल्यास मी आभारी राहीन.