दहावीच्या निरोप समारंभातले फिशपाँड बंद करावेत का?

बर्डीकर
मुलगा यंदा दहावीत. शाळा पश्चिम नागपुरातली, मराठी माध्यमाची, नाव कशाला घ्या. परवा पालकांच्या ग्रुपवर सूचना आली : निरोप समारंभ होईल, भाषणं होतील, अल्पोपहार होईल, फिशपाँड (एकमेकांवर निनावी चिठ्ठ्या लिहून खोक्यात टाकायच्या आणि त्या मंचावरून वाचायच्या) आणि ‘पंधरा वर्षांनी कोण कुठे’ हा कार्यक्रम मात्र यंदापासून बंद. त्याऐवजी प्रत्येकाला एक प्रशस्तिपत्र. गेल्या वर्षी कोणा पालकांनी तक्रार केली होती म्हणे.

मला हे अजिबात पटलेलं नाही. दहावीच्या पोराचं भविष्य सांगायला अख्खं गाव टपलेलं असतं. नववीच्या सुट्ट्या लागल्या की क्लासवाल्यांचे फोन सुरू. चौकाचौकात होर्डिंग, त्यावर पासपोर्ट फोटो आणि खाली रँक. आत्याला घरात एक डॉक्टर हवा असतो, मामा म्हणतो सीए कर. या सगळ्या गोंगाटात ज्याला कटऑफ नाही असं एकच भविष्य पोराच्या वाट्याला येतं, आणि ते वर्गातल्या पोरांनी सांगितलेलं असतं.

गेल्या वर्षीच्या बॅचचे नमुने मुलाने पाठ करून ठेवलेत. ‘हा मेट्रो चालवेल आणि दर रात्री खापरीला झोपलेला सापडेल.’ ‘हिचं न्यूज चॅनल निघेल, बातमी खरी नसेल, पण पहिली असेल.’ ‘हा सीए होईल, सगळ्या शहराचा हिशेब ठेवेल आणि कँटीनची उधारी तेव्हाही बाकी असेल.’ ज्याच्याबद्दल हे लिहिलं त्याला वर्गाने किती बारकाईने पाहिलंय! प्रशस्तिपत्रात काय असणार, ‘होतकरू’.

वर यांना वेळ तरी किती मिळतो? 2024 ला दहावीचा पहिला पेपर 1 मार्चला होता, 2025 ला तो 21 फेब्रुवारीवर आला. प्रिलिम, तोंडी, प्रात्यक्षिकं यांच्या फटीत निरोप कोंबावा लागतो. पुढे अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश. नागपूर शहरात तो होताच, 2025 पासून सगळ्या राज्याला लागू झाला. कोण कुठल्या कॉलेजात जाईल ते यादी ठरवणार. बालवाडीपासून एका बाकावर बसलेली पोरं पावसाळ्यापर्यंत पांगतात. जाताना एकमेकांची टर उडवली तर बिघडलं कुठे?

मानेवाडा_ताई
बर्डीकर दादा, तुम्ही दिलेले नमुने गोड आहेत, कारण ते गाळून आलेले आहेत. आमच्या वेळी खोक्यातून माझ्या नावाने काय निघालं सांगते. ‘काळी मारबत’, म्हणजे नागपुरात दरवर्षी मिरवून जाळतात तो बाईचा काळा पुतळा. दोन शब्द, यमक-बिमक काही नाही. मागच्या बाकांवरून लगेच सुरात, ‘घेऊन जा गे मारबत!’ हॉल हसला. माईकवर चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाई हसल्या. मीही हसले. न हसून सांगता कोणाला? हसलं नाही तर ‘हिला गंमत कळत नाही’ हा दुसरा शिक्का तयारच.

त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही. मारबतीची मिरवणूक आमच्या भागातून जातसुद्धा नाही. वर्गातल्या मैत्रिणी आजही भेटतात, एकीलाही ती चिठ्ठी आठवत नाही. कोणी लिहिली ते मला आजतागायत माहीत नाही, म्हणून त्या वर्गातल्या प्रत्येकाकडे मी थोडं संशयानेच बघते.

तक्रार करणाऱ्या पालकांना तुम्ही एका ओळीत उडवलंत. त्यांच्या पोराच्या चिठ्ठीत काय होतं, विचारलंत का?

इतवारीचा_पोट्टा
ताई, तुमच्यासंग झालं ते वाईटच झालं, त्यात दोन मतं नाहीत. पण मारबतीले बदनाम नका करू राजेहो. काळी मारबत 1881 पासून निघून राहिली, पिवळी 1885 पासून. सोबत बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे, निघतात ते कोणावर? महागाईवर, भ्रष्टाचारावर, रस्त्याच्या गड्ड्यावर, पुढाऱ्यावर. गळ्यात पाटी घालून गावभर फिरवतात अन् शेवटी जाळतात. शेजारच्या पोरीच्या रंगावर बडग्या काढला असं मी तं कधी पाहिलं नाही. आपल्या इथचा माणूस चिडवते तं वरच्याले चिडवते.

फिशपाँडही तसेच पाहिजेत. हेडमास्तरवर काढा, पी.टी.च्या सरावर काढा, फळ्यावर नावं लिहिणाऱ्या मॉनिटरवर काढा. आमच्या वक्ताले गणिताच्या सराले मिळाला होता : ‘सर रिटायर होतील, घरी ‘दोनच मिनिटं’ म्हणतील अन् तेवढ्यात पोहे थंड होतील.’ सर खुर्चीवरून पडाचे बाकी होते हसून. खालच्याले तुडवणारी चिठ्ठी फाडून फेका. अख्खा कार्यक्रम बंद कायले करता?

मानेवाडा_ताई
भाऊ, वरचा-खालचा हिशेब तुम्ही मिरवणुकीत करू शकता. वर्गात कोण वर आणि कोण खाली हे ठरवतं कोण? मॉनिटर मुलगी तोतरी असेल तर?

तर्रीवाला
मूळ मुद्दा सोडून बोलतो, माफी असावी. फिशपाँड राहू द्या नाहीतर जाऊ द्या, पण निरोपाच्या नावाखाली वर्गणी किती वाढली ते कोणी बोलेल का? पोरींना साड्या, पोरांना ब्लेझर भाड्याने, फोटोसाठी फुग्यांची कमान, वर डीजे. आमच्या वेळी कागदी बशीत चिवडा आणि बर्फीचा तुकडा, की झाला निरोप. चिठ्ठीला तर पैसेही लागत नाहीत, म्हणून बहुतेक तीच बंद केली.

कोर्टकचेरी
पालकांच्या भावनेपेक्षा कायदा पाहा. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी. शाळेच्या मंचावरून, शाळेच्या माईकवरून, शिक्षिकेच्या तोंडून एखाद्या मुलीचा रंग काढला जातो, हा मानसिक छळ नाही तर काय? उद्या कोणी लेखी तक्रार घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलं तर मुख्याध्यापकांनी काय उत्तर द्यायचं? ‘परंपरा आहे’? शाळेने हात झटकले ते बरोबरच केलं.

निवृत्त_बाई
कोर्टकचेरी, तो कायदा 6 ते 14 वयोगटाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. दहावीची मुलं त्यात बसत नाहीत. अर्थात कलम लागत नाही म्हणून रंग काढायला मोकळीक मिळत नाही, तेवढं शिक्षकाला कायद्याशिवायही कळायला हवं.

मी वर्गशिक्षिका म्हणून हा खोका बरीच वर्षं सांभाळला. आतली गोष्ट सांगते. चिठ्ठ्या आधी वाचून निवडायच्या असतात, आणि खरं काम तेच आहे. ते बहुतेक शाळांत होत नाही, कारण तेव्हा प्रिलिमचे गठ्ठे तपासायला पडलेले असतात. मग ऐन कार्यक्रमात खोका उघडतात आणि जे हाताला लागेल ते वाचतात. मानेवाडा ताई, तुमच्या बाई हसल्या, कारण त्यांनीही ती चिठ्ठी तुमच्यासोबतच पहिल्यांदा वाचली असणार. त्यांची बाजू घेत नाहीये. वाचून झाल्यावर तरी त्यांना थांबता आलं असतं.

खोका घरी नेऊन मी चिठ्ठ्या दिवाणावर पसरायचे. रंग, उंची, वजन, आडनाव, वडिलांचा धंदा, ‘हिची-त्याची जोडी’ आणि मार्क या चिठ्ठ्या सरळ बाहेर. ‘35 टक्केवाला’ ही सुद्धा. परीक्षेच्या तोंडावर ज्याला खरंच 35 ची धास्ती आहे त्याला तो विनोद लागतो. उरायच्या त्या सवयींवरच्या. एक अजून पाठ आहे :

डबा कोणाचाही असो, पहिला घास हिचा;
आहेरात द्या रे हिला सेट डब्यांचा स्टीलचा!

त्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. वर्गातल्या मुलांनी खरोखरच डब्यांचा सेट आणला होता, झाकणांवर सगळ्यांची नावं कोरून.

मग एका वर्षी मी नियम केला : चिठ्ठीवर खाली स्वतःचं नाव लिहायचं. मंचावर ते वाचणार नाही, पण मला दिसेल. निम्म्या घाणेरड्या चिठ्ठ्या त्या एका नियमाने गेल्या. उरलेल्या अर्ध्यांखाली मॉनिटरचं नाव असायचं, ते वेगळं!

दहावी_ब
मी दहावीतच आहे. बर्डीकर काकांची शाळा आणि माझी बहुतेक एकच आहे, पण मी काही बोलणार नाही.

सगळे मोठे बोलून राहिले म्हणून लिहिते. एक, आम्हाला कोणी विचारलंच नाही. दोन, बाई, चिठ्ठीवर नाव लिहायचं तर मजाच गेली. बाईंना अक्षरावरून तसंही कळतं. तीन, शाळेने बंद केलं म्हणजे बंद झालं असं तुम्हाला वाटतं का? इन्स्टावर आमच्या बॅचचं कन्फेशन पेज, जिथे नाव न सांगता कोणावरही लिहितात, ऑगस्टपासून चालू आहे. तिथे रंगही निघतो, जोड्याही निघतात, आणि चिठ्ठी दिवाणावर पसरून बघणारं कोणी नाही. मानेवाडा ताईंना जे एका दुपारी ऐकावं लागलं, ते आमच्या वर्गातल्या एका मुलीला रोज वाचावं लागतं. खाली कोणी कोणी लाइक केलं तेही दिसतं.

प्रशस्तिपत्रांचं सांगते. यादी फुटली आहे. पहिल्या दहा जणांना ‘प्रज्ञावंत’, खेळणाऱ्यांना ‘क्रीडारत्न’, गाणाऱ्या दोघींना ‘स्वरकन्या’, बाकी सगळ्यांना ‘शांत व सुस्वभावी’. मी शांतही नाही आणि सुस्वभावी तर मुळीच नाही. याच्यापेक्षा कोणी मला ‘प्रार्थना झाल्यावर उगवणारी’ म्हटलं असतं तर निदान ओळखलं असं वाटलं असतं. आम्ही एकमेकींना खासगीत भविष्यं लिहिली आहेत. माझं : ‘हिला नोबेल मिळेल, पण समारंभाला उशिरा पोचल्यामुळे ते शेजारच्याला देऊन टाकतील.’

कोर्टकचेरी
कन्फेशन पेजचं हे गंभीर आहे. त्या मुलीच्या पालकांनी सायबर पोलिसांकडे जायला हवं, त्याआधी शाळेशी बोलावं. राष्ट्रीय हेल्पलाइन 1930 पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. अशा छळाची तक्रार सायबर क्राइमच्या पोर्टलवर करता येते, लहान मुलांसाठी चाइल्डलाइन 1098 आहे. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, पोस्टी उडवायला वेळ लागत नाही.

बाकी बाईंचं वयोगटाचं म्हणणं मान्य. मत मात्र तेच. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षिकेकडे दिवाण आहे आणि वेळ आहे याची हमी कोण देणार? एका चांगल्या माणसावर चालणारी पद्धत ही पद्धत नव्हे.

बर्डीकर
ताई, तक्रार करणाऱ्यांना मी एका ओळीत उडवलं हे खरं, ते वाक्य मागे घेतो. पण कोर्टकचेरींचं शेवटचं म्हणणं मला उलट दिशेने नेतं. चांगल्या माणसाशिवाय शाळेत चालतं काय? सहल चालते? स्नेहसंमेलन चालतं? सहलीला मुलगा हरवू शकतो म्हणून सहली बंद करायच्या? शिक्षकांना वेळ नसेल तर चिठ्ठ्या निवडायला दोन पालक द्या. शाळेचं खरं दुखणं तक्रारीपेक्षा कष्टाचं आहे. प्रशस्तिपत्रं छापखान्यात एका फोनवर होतात.

शनिवारी पालकसभा आहे, तिथे बाईंची पद्धत मांडतो. नावासकट.

मानेवाडा_ताई
मांडा. मी तुमच्या शाळेत पालक असते तर विरोधात हात वर केला असता. चाळून घ्या, नाव लिहून घ्या, तरी ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला नको म्हणायची सोय यात अजून कुठेच नाही. त्याला आधी दाखवा, तो ‘वाचा’ म्हणाला तरच वाचा. एवढं केलंत तर माझा हात खाली.

इतवारीचा_पोट्टा
आधी दाखवली तं हसाचं काय राहिलं त्यात? भूत येणार हे सांगून मंग भूत आणल्यासारखं होईन.

मानेवाडा_ताई
मग नका हसू.

निवृत्त_बाई
ताईंची अट मला कधी सुचली नव्हती. मुलं मात्र ‘वाचा’च म्हणतील, दबावाखाली. तुम्ही हसलात तशीच.

दहावी_ब
काका, सभेत आलूबोंड्याचंही विचारा ना. प्रशस्तिपत्रांना जाड कागद घेतला म्हणून दोनाचा एक केला, असं शिपाई काका सांगत होते.