सिग्नलवर पसरलेला हात आणि १९५९चा कायदा

दादरकर:
दादर फुलबाजाराच्या तोंडाशी एक आजी बसायच्या. गेल्या आठवड्यात पोलिसांची गाडी आली आणि त्यांना उचलून घेऊन गेली. फुलवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं. आजींनी चोरी केली नव्हती, कुणाचा रस्ता अडवला नव्हता. हात पसरला, एवढंच.

मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ प्रमाणे हाच गुन्हा. वॉरंटशिवाय अटक होते. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. गाणं, नाच, भविष्य सांगणं, काहीतरी विकायचं निमित्त करणं, हे सगळं व्याख्येत येतं. शब्दाला शब्द धरून बसलं तर दारावर येणारा वासुदेवही त्यात अडकेल. हाच कायदा दिल्लीला लागू होता. ऑगस्ट २०१८मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे तो आहे तसाच आहे. माझ्या मते तो जायला हवा.

दुकानवाला, चेंबूर:
दादरकर, आजींबद्दल वाईट वाटतं. पण अमर महालच्या सिग्नलला जी बाई येते, तिच्या कडेवरचं बाळ भर उन्हात, हॉर्नच्या गोंगाटात गाढ झोपलेलं असतं. रोज. तीन महिन्यांत मी ते एकदाही रडताना पाहिलं नाही. त्या बाळाला काय पाजतात, याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो. कायदा काढलात तर पोलीस तिला कशाच्या आधारावर अडवणार?

दादरकर:
बाळासाठी वेगळा कायदा आहे, दादा. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ७६. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड. तो वापरा ना! १९५९चा कायदा बाळाच्या मागं कोण आहे ते विचारत नाही, हात पसरणाऱ्यालाच धरतो.

रोजची लोकलवाली:
मी रात्री साडेदहाची विरार लोकल पकडते. डब्यात चार बायका असतात. कुणी येऊन गालाला हात लावतं, पैसे दिले नाहीत तर शाप देतं. एकदा माझी ओढणी धरून ठेवली होती. मला दया येत नाही असं नाही, पण त्या क्षणी भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे. गाडीत भीक मागायला मनाई करणारं रेल्वे कायद्याचं कलम १४४ आहे म्हणून निदान आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, पोलिसाला हाक मारता येते. ‘सगळं काढा’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या डब्यात बसून बघावं.

दादरकर:
ताई, ओढणी धरणं हा भीक मागण्याचा नव्हे, अंगचटीचा गुन्हा आहे. त्यासाठी कारवाई व्हायलाच हवी, मीही तुमच्या बाजूनं उभा राहीन. फक्त गप्प बसलेल्या आजींना त्याच मापानं मोजू नका.

ठाण्याची भाची:
इतके दिवस वाचत होते, आज लिहितेय. माझ्या मामांना विसरभोळेपणा जडला होता. एका सकाळी फाटक्या बनियनवर घराबाहेर पडले आणि सापडेनात. अकरा दिवसांनी कळलं की त्यांना भिकारी समजून एका संस्थेत ठेवलंय. ते कुणाकडे काहीच मागत नव्हते. पण याच कायद्यात असंही आहे की उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकत राहिलं तरी भीकच धरता येते. फाटके कपडे घातलेला म्हातारा माणूस स्वतःचं साधन कसं दाखवणार? आम्ही पोहोचलो तेव्हा मामांनी मला ओळखलं नाही, पण हात सोडला नाही.

दुकानवाला, चेंबूर:
भाचीताई, हे वाचून गप्प झालो. भटकण्याचं ते कलम काढा, माझी हरकत नाही. जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं होतं की शिक्षण-रोजगार नाही म्हणून लोक भीक मागतात, आम्ही वरच्या वर्गाच्या नजरेनं बघणार नाही. तेही मान्य. पण संपूर्ण कायदा एका फटक्यात काढण्याला माझा विरोध कायम आहे. आधी आजींना रात्री झोपायला जागा द्या, मग बोलू.

आणि दादरकर, कलम ७६चं तुम्ही म्हणालात म्हणून आज दुपारी सिग्नलवरूनच १०९८ला, मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. बाळ तेव्हाही झोपलेलंच होतं.