नवं बेअरिंग बसवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू बघा

गाडीच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलण्याच्या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की जुन्या बेअरिंगची रिंग वर ठेवून हातोड्याने ठोकलं की नवं बेअरिंग नकलमध्ये (सस्पेन्शनचा, चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो धातूचा भाग) बसतं. बसतं, नाही असं नाही. पण जोर फक्त बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) पडायला हवा. आतल्या रेसवर पडला तर तो गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खळगे पडतात आणि नव्या बेअरिंगचीही घरघर सुरू होते. हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) बेअरिंगमध्ये दाबताना नेमकं उलटं, तिथे आधार आतल्या रेसला. म्हणून मी नकल सोडवून सरळ प्रेसवाल्याकडे (दाबून बसवायचं यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्ये) नेतो. बाकीचं काम घरी.

एबीएसबद्दल (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मात्र त्या चर्चेत कोणीच बोललं नाहीये. बऱ्याच गाड्यांत वेगळी दातेरी रिंग नसते, बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूलाच यायला हवी. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या (बहुधा पट्टीची बाजू जरा काळपट असते), त्यामुळे बसवण्याआधी दोन्हीकडे टाचणी लावून बघायची. जिकडे हलकीशी चिकटेल ती पट्टीची बाजू. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो, आणि हब दाबून झाल्यावर बेअरिंग काढायचं म्हणजे ते बहुतेक वेळा वायाच जातं. ही पट्टी असलेलं बेअरिंग चुंबकाच्या ट्रेमध्ये ठेवू नका, पट्टीला हातोडाही लावू नका. आणि एक्सल नट (एक्सलच्या टोकाचा मोठा नट) पूर्ण टॉर्कला (ठरवून दिलेल्या जोराला) आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर येऊ देऊ नका. चाक अधांतरी ठेवून कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं.