सांडपाण्यातल्या जीवाणूंपासून वीज: मुंबईने यात पडावं का?

मिठीकाठचा
कुर्ल्याला मिठी नदीतून उपसलेला गाळ बरणीभर घरी आणला. कार्बन फेल्टचा, म्हणजे कार्बनच्या जाड कापडाचा, एक तुकडा गाळात पुरला, दुसरा वरच्या पाण्यात ठेवला, मधे तार आणि रेझिस्टर. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी मल्टिमीटरवर ०.३८ व्होल्ट! गाळात प्राणवायू नसतो, म्हणून जिओबॅक्टरसारखे जीवाणू घाण खाताना सुटलेले इलेक्ट्रॉन कार्बनला देतात. इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पॉटर यांनी १९११ मध्येच जीवाणूंपासून वीज मिळवून दाखवली होती. आपल्याकडे आता सात मलजल प्रक्रिया केंद्रं उभी राहताहेत, दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरची. त्यातल्या एकात तरी या प्रयोगाला कोपरा मिळावा.

भांडुपकर
माझा सपशेल विरोध. चौदा वर्षं एसटीपी, म्हणजे मलजल प्रक्रिया केंद्र, चालवतोय. ०.३८ व्होल्टवर लाल एलईडीसुद्धा लागत नाही. बरण्या ओळीने जोडल्या तर त्यातली अशक्त बरणी उलटी होते आणि बाकीच्यांची वीज खाते. टाकी मोठी केली की दर घनमीटरमागची वीज घसरते. त्यापेक्षा गाळ कुजवून गॅस काढा. माटुंग्याच्या कुष्ठालयात, म्हणजे आजच्या ॲक्वर्थ रुग्णालयात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून गॅस काढत होते. हातातलं सोडून पळत्याच्या मागे का लागायचं?

मिठीकाठचा
वीज विकायची नाहीच आहे हो. केंद्राच्या वीजबिलात निम्म्याच्या आसपास खर्च टाकीत हवा मारण्याचा असतो. हे जीवाणू हवेशिवाय घाण खातात. वाचलेली वीज हीच कमाई.

शुभा_गोरेगाव
हे मला मनापासून पटतं. आमच्या टॉवरच्या तळघरात एसटीपी आहे. बिल वाचवायला रात्री अकरानंतर ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा मारणारं यंत्र, बंद करतात आणि सकाळी लिफ्टपर्यंत वास येतो. मुलांना शाळेत सोडायला निघताना नाकाला रुमाल लावावा लागतो. कमिटीला सांगून थकले. हवा न मारता पाणी साफ होणार असेल तर त्यातून एक युनिट नाही मिळालं तरी चालेल.

भांडुपकर
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण त्यावर उपाय ब्लोअर चालू ठेवणं हाच. बीओडी, म्हणजे पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप, १० पर्यंत आणायचा, अमोनिया काढायचा, तर शेवटच्या टप्प्यात हवा लागणारच. आणि जुलैत पावसाचं पाणी गटारात शिरलं की सांडपाणी इतकं पातळ होतं की जीवाणूंना खायलाच उरत नाही.

मिठीकाठचा
पावसाळ्याचं मान्य. पण तेच उलट, घाण मोजणारा सेन्सर म्हणून, वापरता येतं ना? खाणं कमी-जास्त झालं की व्होल्टेज लगेच हलतो. बीओडीची चाचणी लॅबमध्ये तीन दिवस घेते. रात्री ब्लोअर बंद झाला तर शुभाताईंना त्याच रात्री कळेल.

भांडुपकर
वीजनिर्मिती म्हणून एक रुपयाही देऊ नये, यावर मी ठाम आहे. सेन्सर म्हणून मात्र माझ्या केंद्रात सांडपाणी आत येतं त्या चेंबरमध्ये एक सोडून बघायची तयारी आहे. फेल्ट किती जाडीचं घेतलंत? आणि रेझिस्टर किती ओहमचा?